एका बाईचे दोन नंबर

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही. पिणाऱ्याला ती बरोबर मिळते, आणि न पिणाऱ्याला पोलीस मिळतात. ही आठवण अशाच एका न पिणाऱ्या माणसापासून सुरू होते. मी त्याला कधी पाहिलं नाही. मी त्याच्या घरात पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा त्याला जाऊन काही वर्षं झाली होती.

तो आंजीचा शेतकरी. गळ्यात माळ, भजनात मृदंग वाजवायचा. पस्तिशी ओलांडली आणि चालताना त्याचा तोल जायला लागला. मग जीभ जड झाली, मृदंगावरचा हात चुकायला लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून तो गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नवस बोलायला गेला, तर पायथ्याशीच शिपायानं धरलं आणि चौकीत नेऊन बसवलं. तोंडाचा वास घेऊनही शिपायाची खात्री पटेना. सोबत त्याची लहान मुलगी होती. "माह्या बाबानं सुपारी बी खाल्ली नाई कधी," म्हणून ती शिपायाशी कडाकडा भांडली. त्या दिवसापासून बाप घराबाहेर पडला की ती त्याचं बोट धरून चालायची. लोकांना वाटायचं, बाप लेकीला सांभाळतो आहे.

हे मला पुढे तिनंच सांगितलं. पण आधी माझं सांगतो, नाहीतर हा माणूस यांच्या घरात शिरला कसा असं वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्राचं काम करत होतो. डॉक्टरमंडळी माझ्याकडे शिंप्याकडे यावं तशी यायची. कापड आणलंय, सदरा शिवून द्या, आणि उद्याच हवा. कापड अपुरं आहे असं म्हटलं की रागवायची. मीही काही गोड स्वभावाचा नव्हतो, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

त्या सुमाराला आमच्या विभागात संगणक आला. अख्ख्या इमारतीत वातानुकूलित अशी एकच खोली झाली आणि ती त्या यंत्रासाठी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. आमचे प्राचार्य स्वतः मोजे सरळ करत आत यायचे आणि यंत्राकडे पाहून उगाच घसा खाकरायचे. मला मात्र त्या खोलीत फार सुख वाटायचं. वैशाखात वर्ध्यात ज्याला थंड खोलीची किल्ली मिळाली त्यानं आणखी काय मागावं?

मज्जासंस्थेच्या आजारांचं पाहणाऱ्या एक डॉक्टर मॅडम पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि एकदा धरलेलं न सोडणाऱ्या. त्यांच्याकडे रोहण्याचा एक माणूस आला. तोल जातो, बोबडी वळते, हात कापतो. बापालाही हेच होतं म्हणाला. मॅडमनी जीप काढून रोहणं गाठलं. तिथे कळलं की घराण्यात असे बरेच झाले. गावात त्या घराचं नावच पडलं होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, "आमची एक आत्या आंजीले दिलती. तिच्या घरात बी हे आहे." अशी दोन गावं जोडली गेली.

परदेशात काही घराण्यांतला असा रोग सहाव्या गुणसूत्रावर असल्याचं मॅडमनी वाचलं होतं. आपल्या घराण्यातही तो तिथेच आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी परदेशातून एक प्रोग्राम फ्लॉपीवर पाठवला आणि मॅडमनी ती फ्लॉपी प्रसादासारखी दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवली.

त्या प्रोग्रामची युक्ती मी तेव्हा शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना एकाच तऱ्हेनं सांगत असे. एखाद्या माणसाचं घर आपल्याला माहीत नाही. पण आठवडी बाजारातून तो दर वेळी अमक्याच्या बरोबरच परततो हे दिसलं, आणि त्या अमक्याचं घर आपल्याला माहीत असलं, तर पहिल्याचं घर तिथेच शेजारी असणार. रोगाचा जनुक आपल्याला दिसत नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे गट तपासता येतात, आणि त्या गटांचं घर सहाव्या गुणसूत्रावर आहे हे ठाऊक असतं. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे रोग जाताना एकच गट दर वेळी बरोबर गेला, तर दोघं शेजारी. आता हे खरंच शेजारपण आहे की नुसता योगायोग, हे प्रोग्राम मोजतो आणि एक आकडा देतो. आकडा तीनवर गेला तर शेजार मानायचा, म्हणजे पारडं हजारास एक इतकं झुकलं. त्याखाली असला तर तोंड मिटून बसायचं.

यंत्राला नावं लागत नाहीत. प्रत्येक माणसाला एक नंबर, मग त्याच्या बापाचा नंबर, आईचा नंबर, पुरुष की बाई, आजारी की निरोगी, आणि रक्ताचे गट. मॅडमची तंबी होती की खोलीत कुणाचं नाव घ्यायचं नाही. तीच सवय मला लागली, म्हणून याही लिखाणात नावं नाहीत.

मग आमची जीप रोहणा आणि आंजी अशा फेऱ्या करू लागली. मॅडम माणसं तपासायच्या, रक्त घ्यायच्या, मी वंशावळ मांडायचो. थर्मासात भरून नळ्या रेल्वेनं मुंबईला जायच्या. वंशावळ मांडणं हे काम माझ्यासारख्या तापट माणसाचं नव्हे. चार म्हातारे चार बाजूंनी बोलतात. बाईला नवऱ्याचं नाव विचारलं की ती पदराआड हसते आणि दुसरीकडे बोट दाखवते. रोहण्यात मी एका म्हाताऱ्याला त्याच्या बहिणींबद्दल विचारलं. "एक आहे. लगन होऊन गेली. चांगली आहे," एवढं त्यानं सांगितलं आणि मी एक गोल काढला. वंशावळीत पुरुषाला चौकोन, बाईला गोल. निरोगी, रक्त घेतलेलं नाही. पुढचा प्रश्न.

आंजीच्या घरी ती भेटली. मृदंगवाल्याची मुलगी. पंचविशीच्या आसपासची, गावच्या शाळेत शिक्षिका. तिचा थोरला भाऊ, तिचा दादा, खाटेवर बसला होता. त्याला दोन वर्षांपासून सुरुवात झाली होती. आई दाराच्या आत, डोक्यावर पदर. काका ओसरीवर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपणच द्यायची असतात अशा थाटात.

तिनं आम्हाला पाणी दिलं. पेला काठोकाठ भरलेला. इतका की वर पाण्याची साय धरल्यासारखी दिसावी. ती तो आतल्या घरातून ओसरीपर्यंत घेऊन आली, थेंब न सांडता माझ्या हातात दिला, आणि माझ्या हातून तो शर्टावर सांडला.

"इतका भरता काऊन?" मी जरा चिडूनच विचारलं.

"पाह्यतो मी," ती म्हणाली. "हात अजून माहा आयकते का, ते."

मॅडमनी मान वर केली. ती त्यांच्याकडे वळली. "बाबाले झालं, दादाले झालं. मले होईन का नाई, ते तुमच्या मशीनीतून समजीन का? तेवढं सांगत असान तं रक्त घ्या. पाह्यजे तेवढं घ्या."

मॅडम म्हणाल्या, "कळलं तर सांगेन. कळलं नाही तर अंदाजानं काही सांगणार नाही." ती हो म्हणाली आणि बाही वर केली.

आईचंही रक्त घेतलं. मॅडमनी तिला माहेर विचारलं, तर काकांना राग आला. "सुनेचं माहेर काऊन पाह्यजे तुमाले? ती आता आंजीची आहे. आमचीच आहे." रोग नवऱ्याकडून आलेला, तेव्हा बायकोच्या माहेराशी काय कर्तव्य, असा मीही विचार केला. बाहेरून आलेली सून म्हणून आणखी एक गोल काढला, त्याला नवा नंबर दिला, आणि आईबापांच्या रकान्यात शून्य लिहिलं.

मुंबईहून निकाल आले. मी खोलीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला आणि रंगीत पेन्सिलींनी भरायला घेतला. प्रत्येकाच्या चौकोनात किंवा गोलात दोन पट्ट्या, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. रोहण्यात ज्यांचा तोल जात होता त्या सगळ्यांत एक पट्टी सारखी होती. तिला मी लाल रंग दिला. तिथला एक म्हातारा सत्तरीतही ताठ चालायचा, त्याच्यात निळी होती. आंजीत दादाची लाल आणि हिरवी. आईची निळी आणि हिरवी. शिक्षिकाबाईंची पिवळी आणि निळी. मृदंगवाला गेलेला, त्याचं रक्त नाही, पण मुलांवरून त्याची लाल आणि पिवळी असणार हे उघड होतं.

"निळी पट्टी या भागात बरीच दिसते बुवा," मी मॅडमना म्हणालो. त्यांनीही ते मानलं. दोन शिकलेली माणसं तक्त्यासमोर उभी राहून माना डोलवत होती.

रंग पाहून कुणालाही वाटलं असतं, लाल म्हणजे रोग, पिवळी म्हणजे सुटका, झालं. पण यंत्राला तसं वाटेना. दुपारभर ते गुरगुरायचं, मधेच लाईट जायची, मी कपाळाला हात लावायचो, पुन्हा सुरू करायचो. शेवटी आकडा यायचा तो अडीचच्या आसपास. मी टंकलेखनाच्या चुका शोधल्या, नव्यानं सगळं भरलं. आकडा अडीचवरून हलेना.

दादाला तपासणीसाठी आणायच्या निमित्तानं ती अधूनमधून महाविद्यालयात यायची. एसटीनं दादाला सांभाळून आणायची, मॅडमकडे सोडायची आणि माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत बोलावलं तर येत नसे.

"झाले का तीन?"

"नाही."

"किती?"

"अडीच."

"तीनच काऊन? अडीच काऊन चालत नाई तुमाले? शाळेत मी पस्तीस टक्क्याले पास करतो."

मी तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "तुला मी सुटलीस असं सांगितलं आणि तो योगायोग निघाला, तर तू त्या योगायोगावर संसार मांडशील. किंवा अडकलीस असं सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर तू उगाच आयुष्य मोडून बसशील. माझी दोन्हींची तयारी नाही." ती म्हणाली, "बरोबर आहे," आणि निघून गेली. मला तिच्या त्या दोन शब्दांचा फार आदर वाटला.

स्थळं येत होती. ती परत पाठवत होती. तिची आई मॅडमना म्हणाली होती, "बाप पिऊन पडे असं समजून लोकं आधीच नाक मुरडते. अन् ही आलेल्याले नाई म्हणते." ती नाही म्हणायची कारण तिला आईचं आयुष्य दिसत होतं. नवऱ्याला भरवायचं, उचलायचं, मग मुलाला भरवायचं, उचलायचं. दुसऱ्याच्या घरात आपण असं ओझं होऊन पडायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

मला ती आवडू लागली होती. त्यात लपवण्यासारखं काय आहे? एसटीच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या. एक दिवस बस स्टँडवरच्या हॉटेलात दादाला बशीतून चहा पाजून झाल्यावर मी तिला विचारलं. दादा समोरच होता. त्याला सोडून बोलणं मला बरं वाटलं नाही.

तिनं आपला काठोकाठ भरलेला कप उचलला, पिऊन खाली ठेवला. "तुमी चांगले आहा," ती म्हणाली. "पण पह्यले तुमच्या मशीनीले तीन म्हनू द्या."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तं मंग मी बी नाई म्हनीन."

दादा जड जिभेनं हळूहळू म्हणाला, "भाऊ, ही आयकत नसते." मी त्या रागात खोलीवर परतलो आणि यंत्राला मराठीत ज्या शिव्या येत होत्या त्या सगळ्या दिल्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा सोबत दादाबरोबर आईही होती. या वेळी तिघंही खोलीत आली. आईनं चपला काढल्या, यंत्राला हात जोडले. थंड हवेनं दादा खुश झाला. ती मात्र सरळ भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली.

"यात मी कोन?"

मी तिचा गोल दाखवला. दादाचा चौकोन. बाबांचा चौकोन, त्यावर तिरपी रेघ, म्हणजे गेलेला.

"अन् माय?"

मी दाखवलं. नवऱ्याच्या चौकोनाशेजारी एकटा गोल, डोक्यावर आईबापांची रेघ नाही, कुणी नाही. तिनं त्या गोलावर बोट ठेवलं.

"हिले अशी अनाथ काऊन केली?"

"अनाथ नव्हे. बाहेरून आलेल्यांच्या वरची रेघ काढत नाही आपण."

"बाहेरून?" ती हसली. "माय रोहण्याचीच आहे. बाबाच्या सख्ख्या मामाची पोरगी. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. तिच्यामते ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आमच्या मुलखात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. एखादीनं आत्याचं घर सोडून दुसऱ्या कुणाची सून व्हावं, तर ते नवलाचं, ते सांगतात. घरची गोष्ट कोण सांगतो? रोहण्याच्या म्हाताऱ्यानं तिला माहेरच्या नावानं सांगितलं होतं, लग्न होऊन गेलेली बहीण म्हणून. आंजीच्या दिरानं, म्हणजे ओसरीवरच्या काकांनी, तिला सासरच्या नावानं सांगितलं होतं. लग्नात तिचं नाव बदललं होतं, जसं सगळ्यांचं बदलतं. माझ्या स्वतःच्या आईला आजोळी एका नावानं हाक मारत आणि आमच्या घरी दुसऱ्या. हे ठाऊक असूनही मी एकाच बाईच्या दोन बायका करून ठेवल्या होत्या. एक रोहण्यातली, जिचं रक्त नाही. एक आंजीतली, जिचं माहेर नाही.

"रोहण्यात ताठ चालतात ते म्हातारे तुमचे कोण?" मी विचारलं.

"भाऊ होय माहा," आई म्हणाली. "मोठा."

निळी पट्टी या भागात बरीच दिसते बुवा! मला हसू आवरेना. दादाही हसू लागला, कशाला ते न कळता, आणि मॅडम काय गोंधळ आहे म्हणून आत आल्या. त्यांना सांगितलं तेव्हा त्या आधी लाल झाल्या, मग खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. त्यांना तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

पण काम तिथे संपलं नव्हतं. आता आई रोहण्याला जोडली की तक्त्यात एक कडं तयार होत होतं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांची बहीण; बहिणीचा मुलगा तो मृदंगवाला, त्याचं लग्न आजोबांच्या मुलीशी. रेघ फिरून स्वतःलाच भेटते. प्रोग्रामला असं कडं गिळता येत नसे. त्याच्या माहितीपत्रकात त्यावर उपाय दिला होता. कडं एखाद्या माणसापाशी तोडा. त्या माणसाला दोन नंबर द्या, एक लेक म्हणून आईबापांच्या हाताखाली, एक बायको म्हणून नवऱ्याच्या शेजारी. आणि मग यंत्राला स्पष्ट सांगा की हे दोन नंबर म्हणजे एकच माणूस आहे.

मी ते दोनदा वाचलं. दोन नंबर आम्ही केव्हाच दिले होते. आमच्या चालीरीतींनीच ते दिले होते. एवढं एक सांगायचं राहिलं होतं की बाई एकच आहे.

मी ते सांगितलं. आई त्या दिवशी वर्ध्यातच तिच्या नात्यातल्यांकडे थांबली, मुलगी आणि दादाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केलं. मॅडम मोजे घालून शेजारी बसल्या. एकदा लाईट गेली. मॅडमच्या तोंडून इतका अस्सल नागपुरी शब्द बाहेर पडला की मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा सुरू केलं. सगळी मेख आता त्या निळ्या पट्टीत होती. आई आजोबांची लेक, साठीची, खडखडीत. ज्या बापाला रोग होता त्याची निळी पट्टी तिच्याकडे आणि तिच्या भावाकडे आली होती आणि दोघंही ताठ चालत होती. जी लाल पट्टी त्यांना मिळाली नाही, तिच्याच बरोबर रोग गेला होता. जे आम्ही योगायोग म्हणून बाजूला सारलं होतं तोच पुरावा होता.

दुपारी पडद्यावर आकडा आला. तीनच्या वर. थोडाच वर, पण वर.

मॅडमनी तो पुन्हा एकदा काढायला लावला. मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. तिला मी सांगते." मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. त्यांना माझं काहीतरी समजलं असावं. मी व्हरांड्यात दादाशेजारी जाऊन बसलो. दार लोटलेलं होतं. काचेतून ती दिसत होती, समोर मॅडम. मॅडमनी तिला तक्त्यावर पिवळी पट्टी दाखवली, बोटानं वर बाबांपर्यंत गेल्या. त्या तिला काय सांगत असतील ते मला पाठ होतं. बाबांकडून तुला आली ती पिवळी. लाल नव्हे. रोग होण्याची शक्यता फार थोडी. शून्य नाही, शून्य मी कुणालाच म्हणत नाही, पण फार थोडी.

ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या माठापाशी गेली. पेला भरून घेतला, नेहमीसारखा काठोकाठ, आणि दादाकडे निघाली. दोन पावलांवर तिचे हात हलायला लागले. पाणी साडीवर सांडलं, फरशीवर सांडलं. मी उठलो तर ती म्हणाली, "सांडू द्या." आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. अर्धा पेला तिनं दादाच्या तोंडाला लावला. "दादा, तुलेच काऊन रे लाल आली," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती, कारण दादा माझ्या अगदी जवळ होता.

दादा पाणी प्यायला. मग सावकाश, एकेक शब्द उचलून म्हणाला, "एकाले तं पिवळी भेटली. घर काई... खाली हात नाई आलं." मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं सर्वांत मोठ्या मनाचं वाक्य तेच.

लग्न उन्हाळ्यात आंजीला झालं. दादाला खुर्चीवर बसवून मांडवात आणलं होतं. लोक आता निदान त्याच्याबद्दल कुजबुजत नव्हते, कारण मॅडम लग्नाला आल्या होत्या आणि त्यांनी जेवणाच्या पंगतीत सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं की हा रोग आहे, दारू नव्हे, आणि ज्याला शंका असेल त्यानं माझ्या दवाखान्यात यावं.

वरात आमच्या घरी आली. सासू, म्हणजे तिची आई, पाठराखीण म्हणून सोबत आली होती. नव्या सुनेचं नाव ठेवायची वेळ झाली. ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली. त्या तांदळांवर नवऱ्यानं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. माझ्या आत्यानं दोन दिवस आधीच एक नाव पक्कं करून ठेवलं होतं, छान होतं, माझ्या नावाशी जुळणारं. बायका वाकून बघत होत्या. पेढ्यांचा डबा उघडून तयार होता.

मी अंगठीनं तांदळांवर तिचं नाव लिहिलं. तिच्या आईबापांनी ठेवलेलं.

"अरे, हे तं तिचं पह्यलंच नाव होय!" आत्या म्हणाली. "विसरला का रे तू?"

"नाही," मी म्हणालो. "एक बाई, एक नाव. दोन केली की हिशेब चुकतो."

आत्या रुसली. माझी आई म्हणाली, ह्याचं डोकं त्या थंड खोलीत फिरलं आहे. माझी बायको खाली मान घालून ताटाकडे पाहत होती, आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. पेढे वाटून झाले, तेही जुन्याच नावानं.

गर्दी पांगल्यावर सासूबाई ताटाजवळ येऊन बसल्या. तांदळांवरचं नाव अजून मोडलं नव्हतं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्या ते बराच वेळ बघत होत्या. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी स्वतःचं माहेरचं नाव उच्चारलं. आवाज न चढवता, एकदाच. सासरी आल्यापासून तोंडातून न निघालेलं ते नाव त्यांच्याच कानाला परकं वाटलं असावं.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनीनं मले शेवटी एकच धरलं न?"

"हो," मी म्हणालो. "एकच."

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि ताटातले तांदूळ गोळा करायला लागल्या.